रीस्टार्टनंतरही यादृच्छिकता टिकावी म्हणून सीड फाइल नेमकी कशी जपावी?

उंबरठा (प्रश्न)

एका छोट्या बोर्डावर चालणाऱ्या उपकरणाचे फर्मवेअर माझ्याकडे आले आहे. त्यात लिनक्सचे ४.१९ आवृत्तीचे कर्नल (प्रणालीचा गाभा) आहे. घड्याळाला बॅटरी नाही, फिरती डिस्क नाही, कीबोर्ड किंवा माऊस नाही आणि प्रोसेसरमध्ये यादृच्छिक संख्या देणारी वेगळी सोयही नाही. उपकरण सुरू झाले की त्याच्या लेखी तारीख दर वेळी १ जानेवारी १९७० असते आणि खरी वेळ नेटवर्क जोडले गेल्यावरच कळते. तरीही सुरू झाल्यापासून पहिल्या काही सेकंदांतच त्याला टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित) जोडणी करावी लागते, आणि अगदी पहिल्या वेळी एसएसएचची (दूरस्थ प्रवेशासाठीची) होस्ट की, म्हणजे यंत्राची ओळख पटवणारी गुप्त संख्या, हीसुद्धा स्वतःच तयार करावी लागते.

कर्नलचा लॉग वाचला तर तिसऱ्या सेकंदाच्या आसपास, यूरँडमची (कर्नलमधल्या यादृच्छिक संख्यांच्या जनरेटरमधून वाचण्याच्या फाइलची) पुरेशी तयारी होण्याआधीच त्यातून वाचन झाले अशा अर्थाची सूचना दिसते, आणि जनरेटर तयार झाल्याची ओळ ४७व्या सेकंदाला येते. मधल्या ४४ सेकंदांत जे काही तयार होते त्यावर किती विसंबायचे, हा माझ्यापुढचा मूळ प्रश्न आहे.

यावर उपाय म्हणून आधीच्या सहकाऱ्याने एक शेल स्क्रिप्ट लिहून ठेवली आहे. उपकरण बंद होताना ती यूरँडममधून ५१२ बाइट वाचून एका सीड फाइलमध्ये (जनरेटरला सुरुवातीचे बीज देणाऱ्या फाइलमध्ये) ठेवते आणि पुढच्या वेळी सुरू होताना ती फाइल पुन्हा यूरँडममध्ये ओतते. मूळ फाइल सिस्टम केवळ वाचनीय असून तिच्यावर मेमरीतला ओव्हरले (लिहिलेले बदल धरणारा वरचा थर) बसवलेला आहे, त्यामुळे बाकी प्रोग्रामना सर्वत्र लिहिता येते असे वाटते. उपकरण बहुतेक वेळा वीज काढूनच बंद केले जाते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ५१२ बाइट पुरेसे आहेत का? फाइल यूरँडममध्ये ओतली एवढ्याने काम होते, की कर्नलला ती एन्ट्रॉपी (अंदाज न येण्याचे माप) म्हणून हिशेबात जमा धरायलाही सांगावे लागते? आणि ती फाइल कोणाच्या हाती लागली तर नेमके किती नुकसान होते?

---

कर्नलवाचक

आकाराचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी संपवतो. ३२ बाइट, म्हणजे २५६ बिट, खऱ्या अर्थाने अंदाज न येणारे असतील तर ते पुरतात. ५१२ हा आकडा जुन्या कर्नलमधील ४०९६ बिटांच्या पूलवरून (जमवलेली यादृच्छिकता साठवणाऱ्या भागावरून) आला आणि सवयीने टिकला. ५.१८ आवृत्तीपासून कर्नल स्वतःच २५६ बिटांचा हिशेब ठेवते. ५१२ ठेवल्याने बिघडत काहीच नाही.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. फाइल बंद होताना लिहिली जाते आणि उपकरण वीज काढून बंद केले जाते, असे तुम्ही म्हणता. मूळ फाइल सिस्टमवर मेमरीतला ओव्हरले आहे, असेही तुम्ही म्हणता. ही दोन वाक्ये एकत्र वाचली तर ती सीड फाइल आजवर एकदाही बदलली नसावी, असा अर्थ निघतो. व्यवस्थित बंद होण्याची वेळच येत नाही, आणि कधी आलीच तर नवी फाइल ओव्हरलेमध्ये म्हणजे मेमरीत लिहिली जाते व वीज जाताच तीही जाते. पुढच्या वेळी पुन्हा इमेजमधलीच मूळ फाइल वाचली जाते. तसे असेल तर तुमच्याकडे यादृच्छिकता साठवण्याची व्यवस्था नसून एक कायमचा स्थिरांक आहे, आणि तो प्रत्येक उपकरणात सारखाच आहे.

हे एवढे गंभीर का, ते थोडे सविस्तर सांगतो. कर्नलमधला जनरेटर आतून पूर्णपणे ठरावीक रीतीने चालतो. त्याच्याजवळ एक छोटी अंतर्गत अवस्था असते, ४.१९ मध्ये ती चाचा२० या सायफरची (गुप्तलेखन पद्धतीची) की असते, आणि तिच्यापासून पुढचा सगळा प्रवाह काढला जातो. अवस्था तीच असेल तर प्रवाहही तोच निघणार. यंत्र चालू असेपर्यंत इंटरप्टच्या (उपकरणांकडून प्रोसेसरला येणाऱ्या हाकांच्या) वेळा आणि तत्सम गोष्टींतून अवस्थेत नवा गोंधळ मिसळत राहतो, म्हणून तासाभराने तिचा अंदाज बांधणे कोणालाही शक्य नसते. पण रीस्टार्ट झाला की मेमरी पुसली जाते आणि तासभर जमवलेली पुंजी एका क्षणात शून्यावर येते. सीड फाइल म्हणजे त्या पुंजीतला थोडा भाग डिस्कवर ठेवून पुढच्या बूटकडे सोपवणे, एवढेच. तिच्यात नवे काही निर्माण होत नाही, आधीचेच पुढे नेले जाते. साहजिकच ही पुंजी एकदाच खर्च करता येते. तीच फाइल दोन बूटना मिळाली तर दोन्ही वेळा जनरेटर एकाच जागेवरून निघतो, आणि घड्याळही १९७० पासून सुरू होत असल्यामुळे फरक पाडणारे हाताशी फारसे काही उरत नाही.

म्हणूनच या विषयातल्या प्रत्येक चांगल्या रचनेत सगळा भर क्रमावर असतो. नील्स फर्ग्युसन आणि ब्रूस श्नायर यांनी २००३ मध्ये मांडलेल्या फॉर्च्युना या रचनेत ६४ बाइटची सीड फाइल आहे. ती वाचून जनरेटरमध्ये मिसळली की लगेच, कोणालाही एकही यादृच्छिक बाइट देण्यापूर्वी, नवी सीड फाइल तिच्या जागी लिहायची, असा तिथला नियम आहे. फ्रीबीएसडी ही दुसरी प्रणाली आज फॉर्च्युनाच वापरते आणि चालू यंत्रावर दर ११ मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून) थोडी एन्ट्रॉपी फाइलमध्ये टाकत राहते, कारण वीज कधी जाईल ते कोणालाच सांगून ठेवलेले नसते. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये या कामासाठी जी नमुना स्क्रिप्ट अनेक वर्षे छापली जाते आहे, तिच्यातही सुरू होताना जुनी फाइल आत ओतल्यावर लगेच नवी फाइल लिहिणारी ओळ आहे. तुमच्या सहकाऱ्याच्या प्रतीतून नेमकी तीच ओळ गळलेली दिसते. बंद होतानाचे लिहिणे ही वरकड खबरदारी आहे. खरे काम सुरू होतानाच्या लिहिण्याने होते.

फाइल कोणाच्या हाती लागली तर काय, याचे उत्तर ती केव्हा लागली त्यावर ठरते. फाइलमधील बाइट हे जनरेटरचे आउटपुट असते, त्यावरून आतली अवस्था उलट काढता येत नाही. म्हणजे आजवर त्या यंत्राने तयार केलेल्या की किंवा सध्या चालू असलेल्या जोडण्या धोक्यात येत नाहीत. धोका पुढच्या बूटला आहे, कारण त्या बूटच्या सुरुवातीच्या अवस्थेतला एक मोठा घटक आता दुसऱ्याला माहीत असतो. त्यासाठी फाइल फक्त रूटला वाचता येईल अशी ठेवा आणि बॅकअपमधून वगळा. बॅकअप परत आणला की जुनी, एकदा वापरून झालेली फाइल जिवंत होते, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

जमा धरण्याच्या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी एवढे करून पाहा: त्या फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला तपासणी-आकडा) घ्या, वीज काढा, पुन्हा लावा, पुन्हा चेकसम घ्या.

---

फर्मवेअरकार

वरच्या उत्तरातील स्थिरांकाची गोष्ट मी स्वतः भोगली आहे, म्हणून लिहितो. आम्ही एका यंत्रावर सगळे बसवून, तपासून, त्याच्या कार्डाची इमेज काढली आणि तीच पुढच्या ४० उपकरणांवर चढवली. इमेज काढण्यापूर्वी होस्ट की पुसायच्या असतात हे ठाऊक होते, त्या पुसल्या. सीड फाइल मात्र कोणाच्या ध्यानातच आली नाही. ती त्या पहिल्या यंत्राची होती आणि चाळीसही ठिकाणी पोहोचली.

यातली फसवी बाजू अशी की तयार झालेल्या होस्ट की एकमेकींशी जुळल्या नाहीत. आम्ही त्यांच्या फिंगरप्रिंटची यादी करून पाहिली, चाळीसच्या चाळीस वेगळ्या निघाल्या आणि आम्ही निर्धास्त झालो. कित्येक महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी दोन कार्डे शेजारी शेजारी लावून हेक्सडंप काढला, तेव्हा सीड फाइलचे पहिले सोळा बाइट दोन्हीकडे तंतोतंत तेच दिसले. होस्ट की वेगळ्या आल्या होत्या त्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, अनुक्रमांक आणि बूटच्या वेळेतील किंचित फरक यांच्यामुळे. नेटवर्क कार्डाचा पत्ता तर शेजारच्या यंत्रालाही कळतो. ज्याच्या हाती आमची इमेज असेल त्याला शोधायला उरला होता तो बूटच्या वेळेतील फरक, आणि तो किती बिटांचा होता हे आम्हांला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. आउटपुट वेगवेगळे आले म्हणजे त्याचा अंदाज बांधता येत नाही, असे होत नाही. पण आमची तपासणी फक्त वेगळेपणाची होती.

जगभर काय घडले होते तेही पाहण्यासारखे आहे. २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या टीएलएस आणि एसएसएच यंत्रांच्या सार्वजनिक की गोळा करून तपासल्या. टीएलएसच्या सुमारे ०.५० टक्के यंत्रांच्या आरएसए खाजगी की त्यांना थेट काढता आल्या, कारण दोन वेगळ्या यंत्रांच्या मोड्युलसमध्ये (सार्वजनिक कीमधल्या मोठ्या संख्येत) एक मूळ अवयव समान निघाला आणि दोन संख्यांचा मसावि काढणे हे काही क्षणांचे काम असते. सापडलेली यंत्रे बहुतांशी राउटर, फायरवॉल अशी, म्हणजे तुमच्या बोर्डाच्या जातकुळीतली होती: पहिल्याच बूटच्या पहिल्या सेकंदांत, जनरेटर रिकामा असताना, की तयार करणारी. त्यानंतर कर्नलमध्ये नेटवर्क कार्डाचा पत्ता, अनुक्रमांक यांसारखी माहिती जनरेटरमध्ये मिसळण्याची सोय झाली. तिने दोन यंत्रांचे आउटपुट एकसारखे येणे टळते, पण ती माहिती गुप्त नसल्यामुळे कर्नल तिला एक बिटही जमा धरत नाही, आणि ते योग्यच आहे.

पहिल्या बूटसाठी मागून पुढे नेण्यासारखे काहीच नसते, हेही लक्षात घ्या. आम्ही आता कार्ड लिहिणाऱ्या संगणकावरच प्रत्येक उपकरणासाठी स्वतंत्र ३२ बाइट काढतो आणि इमेज चढवून झाल्यावर ते वेगळ्या पार्टिशनमध्ये ठेवतो. तो संगणक रोजच्या वापरातला, जनरेटर केव्हाच तयार झालेला असा असतो. ते बाइट कुठेही नोंदवून ठेवले जात नाहीत.

---

उंबरठा

कर्नलवाचक, आपली शंका खरी ठरली. सहा वेळा वीज काढून लावली आणि सहाही वेळा चेकसम तोच आला. त्यानंतर मूळ इमेज उघडून पाहिली, तिच्यातल्या फाइलचाही तोच आला. फाइलवरची तारीख ही इमेज तयार झाली त्या दिवसाची आहे.

कार्डावर ८ मेगाबाइटचे एक लिहिण्याजोगे पार्टिशन मोकळे आहे, तिथे सीड फाइल हलवता येईल. पण त्यातून दोन अडचणी पुढे येतात. एक, फाइल लिहीत असतानाच वीज गेली तर अर्धवट फाइल उरेल. दोन, सुरू होताच नवी फाइल लिहायची म्हणजे ती अशा वेळी लिहायची जेव्हा जनरेटर स्वतःच तयार नसतो. मग चांगल्या फाइलच्या जागी वाईट फाइल बसणार नाही का? फ्लॅशच्या झिजेचीही थोडी चिंता आहे.

---

कर्नलवाचक

झिजेची चिंता सोडा. एका बूटमागे दोन आणि दिवसाकाठी एखाद-दुसरे एवढ्या लहान फाइलचे लिहिणे कोणत्याही बऱ्या फ्लॅशला जाणवणार नाही. लॉग फाइल याच्या शेकडो पटीने लिहितात.

दुसरी अडचण मात्र तुम्ही अचूक पकडली आहे, आणि पुष्कळ जुन्या स्क्रिप्ट तिथेच घसरतात. जुनी फाइल यूरँडममध्ये ओतली की जनरेटर त्याच क्षणी तिच्यावरून नवी की घेतो, असा सार्वत्रिक समज आहे. तुमच्या काळातील कर्नलमध्ये तसे होत नाही. ओतलेले बाइट पूलमध्ये मिसळतात, पण आउटपुट देणारा भाग पुढच्या रीसीडपर्यंत (पूलमधून नवी की घेईपर्यंत) जुन्याच अवस्थेवर चालत राहतो. त्यामुळे लगेच पुढच्या ओळीत यूरँडममधून नवी सीड वाचली तर तिच्यात जुन्या सीडचा अंशही नसण्याची शक्यता असते, आणि आपण हातातली चांगली वस्तू टाकून रिकामा डबा जपून ठेवतो.

यावरचा उपाय असा, की नवी फाइल निव्वळ यूरँडममधून न घेता, जुन्या फाइलचे बाइट आणि यूरँडममधून आलेले नवे बाइट एकत्र हॅश करून (उलट न काढता येणारा ठरावीक लांबीचा गोषवारा काढून) त्यातून काढायची. दोहोंपैकी एक जरी अंदाज न येणारे असेल तरी निकाल तसाच राहतो, म्हणजे पुंजी घटण्याचा प्रश्नच उरत नाही. जेसन डोनेनफेल्ड यांनी २०२२ मध्ये लिहिलेल्या सीडआरएनजी या छोट्या प्रोग्राममध्ये हेच केले आहे, त्यासाठी ब्लेक२एस हा हॅश वापरला आहे, आणि छोट्या उपकरणांवरील साधनांचा संच असलेल्या बिझीबॉक्सच्या १.३६ आवृत्तीपासून तो बिझीबॉक्समध्येच मिळतो. शेल स्क्रिप्ट दुरुस्त करत बसण्यापेक्षा तो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हे काम दिसते पाच ओळींचे, पण त्या पाच ओळी चुकवण्याचे मार्ग फार आहेत.

अर्धवट फाइलसाठी नेहमीचीच रीत आहे: नवे बाइट तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये लिहायचे, एफसिंक करायचे (म्हणजे ते खरोखर डिस्कवर उतरवायचे), मग नाव बदलून जुन्या फाइलच्या जागी बसवायचे आणि निर्देशिकेवरही एफसिंक करायचे. शेवटची पायरी लोक विसरतात. ती विसरली तर नाव बदलल्याची नोंद मेमरीतच राहते आणि वीज गेली की जुने नाव, जुनी फाइल परत येते. जुने बाइट कर्नलला देऊन हिशेबात जमा करणे हे या सगळ्यानंतर. सीडआरएनजी याहून कडक आहे. तो जुनी फाइल आधी खोडतो, खोडल्याचे डिस्कवर उतरल्याची खात्री करतो आणि मगच ती वापरतो. मध्येच वीज गेली तर पुढच्या बूटला सीडच मिळणार नाही, पण ते परवडते. सीड नसलेले यंत्र वाट पाहते. वापरलेलीच सीड मिळालेले यंत्र मात्र वाट न पाहता चुकीच्या विश्वासाने कामाला लागते.

आता जमा धरण्याविषयी. नुसते यूरँडममध्ये लिहिले तर कर्नल बाइट मिसळते पण एक बिटही जमा धरत नाही, म्हणून तुमची ४७ सेकंदे कमी होणार नाहीत. जमा धरायचे तर ते बाइट आणि त्यांचा बिटांतील हिशेब आरएनडी-ॲड-एन्ट्रॉपी या आयओसीटीएलमधून (कर्नलला द्यायच्या खास आज्ञेतून) एकत्रच द्यावे लागतात. आधी यूरँडममध्ये लिहून नंतर वेगळ्या आयओसीटीएलने केवळ आकडा वाढवणे हा जुना मार्ग टाळावा, कारण त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरी प्रक्रिया घुसू शकते. माझ्या मते फाइल याच यंत्राने, जनरेटर तयार असताना लिहिलेली असेल आणि वापरण्यापूर्वी डिस्कवरून खोडलेली असेल तर ती पूर्ण जमा धरायला हरकत नाही. सीडआरएनजी फाइलच्या नावातच ही पत लिहून ठेवतो, एक नाव जमा धरण्याजोग्या फाइलला आणि दुसरे न धरण्याजोग्या फाइलला. सिस्टमडी (अनेक लिनक्स यंत्रांवर सेवा सुरू करणारी व्यवस्था) तीच गोष्ट फाइलच्या विस्तारित गुणधर्मात नोंदवते.

---

जुनाजाणता

कर्नलवाचकांच्या बाकी सर्व मांडणीशी मी सहमत आहे, जमा धरण्याच्या मुद्द्यावर मात्र नाही, निदान या उपकरणाच्या बाबतीत तरी नाही. सिस्टमडी सीड फाइल वाचते, मिसळते, पण मुद्दाम सांगितल्याशिवाय जमा धरत नाही. त्यामागे नेमकी फर्मवेअरकारांनी सांगितलेली भीती आहे: फाइल याच यंत्राची आहे, की कोणी इमेजमधून आणली आहे, हे फाइलकडे पाहून ओळखता येत नाही. नावात किंवा गुणधर्मात लिहिलेली पत इमेजबरोबर जशीच्या तशी दुसऱ्या कार्डावर जाते. ज्या संघाच्या हातून ही चूक एकदा होऊन गेली आहे, त्याने पुढची इमेज काढणारा माणूस आठवणीने फाइल पुसेलच, यावर सुरक्षितता टांगू नये.

सिस्टमडी-बूट या बूटलोडरने यावर काढलेली तोड मला पटते. तिथे सीड फाइल बूट पार्टिशनमध्ये असते, पण ती एकटी वापरली जात नाही. प्रत्येक यंत्राच्या फर्मवेअरच्या कायमस्वरूपी मेमरीत वेगळे टोकन ठेवलेले असते, ते आणि सीड यांचा एकत्र हॅश करून कर्नलला दिला जातो, आणि कर्नल सुरू होण्याआधीच नवी सीड फाइलमध्ये लिहिली जाते. डिस्कची नक्कल केली तरी फर्मवेअरमधले टोकन नकलेबरोबर जात नाही. तुमच्या बोर्डावर यूईएफआय (त्या प्रकारचे फर्मवेअर) नसेल, पण चिपमध्ये एकदाच लिहिता येणारे काही फ्यूज किंवा वेगळी छोटी ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) असेल तर तेच तत्त्व तिथे वापरता येईल. तसे काही असेल तर माझा आक्षेप मी मागे घेतो.

नसेल तर दुसरी वाट पाहा. तुमचे खरे दुखणे ४७ सेकंदे हे आहे, आणि ते मुख्यतः जुन्या कर्नलचे आहे. २०१९ मध्ये ५.३ आवृत्तीच्या तयारीत एक्स्ट४ या फाइल सिस्टममधील एका सुधारणेमुळे डिस्कची वाचने कमी झाली, त्यामुळे इंटरप्ट घटले आणि काही यंत्रे बूट होताना गेटरँडमची (जनरेटर तयार होईपर्यंत थांबवणाऱ्या वाचनाची) वाट पाहत अडकून बसली. सुधारणा चांगली, परिणाम वाईट, असा तो विचित्र प्रसंग होता. त्यातून ५.४ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी अशी सोय घातली की कोणी गेटरँडमवर वाट पाहत असेल तर कर्नल प्रोसेसरच्या वेळेतील सूक्ष्म चढउतारांवरून स्वतः एन्ट्रॉपी गोळा करते. प्रोसेसरला बारीक मोजणारा काउंटर असेल तर हे काम साधारणतः एखाद्या सेकंदात उरकते. त्याच ५.४ पासून बूटलोडरला डिव्हाइस ट्रीमधून (कर्नलला हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या माहितीतून) कर्नलला सीड देता येते आणि ती जमा धरावी की नाही हे ठरवता येते. ४.१९ चा अधिकृत आधार डिसेंबर २०२४ मध्ये संपलाच आहे, तेव्हा कर्नल बदलण्याला आणखी कारण शोधायची गरज नाही.

आणि की तयार करणारा प्रत्येक प्रोग्राम यूरँडमऐवजी गेटरँडमने वाचतो याची खात्री करून घ्या. जनरेटर तयार नसेल तर गेटरँडम थांबते, यूरँडम थांबत नाही. लॉगमधली तिसऱ्या सेकंदाची सूचना कोणत्या प्रोग्राममुळे आली त्याचे नाव त्याच ओळीत असते. त्या नावापासून सुरुवात करा.

एक अवांतर सूचना. नव्या बोर्डात हार्डवेअर जनरेटर असेल तरी सीड फाइल काढून टाकू नका. २०१९ मध्ये एएमडीच्या काही प्रोसेसरांवर यादृच्छिक संख्या देणारी आरडीरँड ही सूचना फर्मवेअरमधील चुकीमुळे दर वेळी सगळे बिट एक असलेला एकच आकडा देत होती, आणि तरीही काम यशस्वी झाल्याचे कळवत होती. कर्नल अनेक स्रोत एकत्र मिसळते म्हणून एका स्रोताचा असा घात पचतो. स्रोतच एक असेल तर तो पचायला जागा नाही.

---

फर्मवेअरकार

जुनाजाणता यांचा आक्षेप रास्त आहे. त्यात एवढीच भर घालतो, की हेच उपकरण कधी आभासी यंत्र म्हणून चालवायची वेळ आली तर या धाग्यातील कोणतीही सीड फाइल स्नॅपशॉटच्या (मेमरीसकट जपलेल्या यंत्राच्या प्रतीच्या) प्रश्नाला पुरी पडणार नाही. स्नॅपशॉट परत आणला की बूट होतच नाही. जनरेटरची अवस्थाच जशीच्या तशी मेमरीतून जिवंत होते, आणि एकाच स्नॅपशॉटमधून दोनदा सुरू झालेली यंत्रे काही काळ तोच प्रवाह देऊ शकतात. त्यासाठी हायपरवायझरकडून (आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रामकडून) बदलता ओळख-क्रमांक मिळावा लागतो. लिनक्समध्ये ती सोय २०२२ मधील ५.१८ पासून आहे.

---

उंबरठा

आठवडाभर काम करून परत आलो आहे. बोर्डावर ईईप्रॉम आहे, तिच्यातल्या ६४ बाइटना कोणी हात लावत नव्हते. आता कार्ड लिहितानाच तिथे प्रत्येक यंत्रासाठी वेगळे ३२ बाइट ठेवतो, आणि सीड फाइलच्या बाइटबरोबर त्यांचा हॅश करून तोच कर्नलला देतो. सीड फाइल छोट्या पार्टिशनमध्ये हलवली, जुनी खोडून डिस्कवर उतरल्याशिवाय वापर नाही, नवी फाइल जुनीच्या हॅशमधून. वीज काढून लावण्याची चाचणी एका रिलेवर लावून रात्रभर चालवली. ३१२ बूट झाले आणि मिळालेले सगळे चेकसम वेगवेगळे होते. त्यांपैकी दोनदा वीज नेमकी खोडणे आणि लिहिणे यांच्या मध्ये गेली, आणि पुढच्या बूटला सीडशिवाय वाट पाहावी लागली, जशी पाहायला हवी होती तशीच. चेकसम वेगळे आले एवढ्यावर फर्मवेअरकारांसारखा निर्धास्त होणार नाही, पण जे बाइट आत जातात ते आता कुठून येतात हे तरी मला दाखवता येते.

कर्नल ५.१५ वर नेले आहे. जनरेटर तयार झाल्याची ओळ आता दुसऱ्या सेकंदाच्या आत येते. तिसऱ्या सेकंदाच्या सूचनेतला प्रोग्राम आमचाच निघाला, टीएलएसच्या सत्र-कीसाठी यूरँडम थेट उघडून वाचणारा. तो गेटरँडमवर आणला.

जी उपकरणे जुन्या इमेजवर आधीच बाहेर गेली आहेत त्यांच्या होस्ट की आणि टीएलएस प्रमाणपत्रांच्या की, दोन्ही नव्याने काढाव्या लागणार आहेत. अद्ययावतनाचा पहिला टप्पा त्यासाठीच ठेवला आहे: आधी नवे कर्नल, मग सीडची व्यवस्था, आणि जनरेटर तयार असल्याचे गेटरँडमने सांगितल्यावरच नव्या की.